कोरड्या छत्र्या

"छत्री कुठे ठेवू हो?"

नोंदणीबाईंनी खिडकीतून मान वर केली. बाहेर ना पाऊस, ना ऊन, नुसतं मळभ. तरी समोरच्या बाईच्या हातात लांब दांड्याची छत्री होती. मागच्या बाकावर आणखी तिघी बसल्या होत्या आणि तिघींच्याही मांडीवर छत्र्या. चारही कोरड्या ठणठणीत.

"ठेवा तिथेच कोपऱ्यात. कार्ड द्या."

कार्डावरचा क्रमांक बघून त्यांचं पेन थांबलं. एकशे चौऱ्याऐंशी. म्हणजे ही बिनफोनवाली.

इस्पितळाच्या या खिडकीवर बावीस वर्षं काढल्यावर, सत्तेचाळिसाव्या वर्षी, नोंदणीबाईंना एम.ए. करायची हुक्की आली होती. विषय वर्तनवादी अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण. म्हणजे काय, असं कुणी विचारलं की त्या सांगत, "आपलं भलं कशात आहे हे माणसाला कळतं, तरी तो ते करत नाही. का करत नाही, आणि त्यावर सरकारने काय करावं, याचा अभ्यास."

"त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवतेस आई? आरसा बघ की," लेक म्हणायची. तिचीही परीक्षा त्याच वर्षी होती. एकाच टेबलावर दोघी समोरासमोर बसून जांभया द्यायच्या.

प्रबंधासाठी बाईंनी विषय निवडला तो रोज डोळ्यांसमोर असलेला. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना स्तनांच्या तपासणीची कार्डं जातात, तपासणी फुकट असते, आणि तरी निम्म्याहून जास्त जणी येत नाहीत. मग तीनशे जणींचे संगणकावर दोन गट पाडले. एक ते दीडशे यांना फोन करायचा, पुढच्या दीडशेंना करायचा नाही, आणि फरक बघायचा. बिनफोनवाल्यांच्या नावांची यादी प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी पाकिटात बंद करून स्वतःकडे ठेवली, बाईंना चुकूनही कुणाचा कळवळा यायला नको म्हणून. आपल्या नावची वस्तू सोडून देणं माणसाच्या जिवावर येतं, हे पुस्तकात वाचून बाईंनी फोनवरचं वाक्य घडवलं होतं: गुरुवारी अकरा वाजता तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे.

"तुम्ही आज कशा काय आलात?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"कशी म्हणजे? फोन आला ना तुमचा. खुर्ची राखून ठेवलीय म्हणालात."

"आणि ही छत्री?"

"तेही तुम्हीच सांगितलंत की! येताना छत्री घे गं, डोकं तापतं." बाई जराशी हसली. "अगदी 'गं' म्हणालात. चोपन्न वर्षांची आहे मी. मला आता 'गं' म्हणणारं उरलंय कोण? म्हणून तर आले."

नोंदणीबाईंनी शिक्का मारला, पण तो कार्डावर पडला की टेबलावर, हे त्यांना कळलं नाही. छत्रीचं वाक्य त्यांनी लिहिलंच नव्हतं. ते त्यांच्या आईचं होतं. शाळेत जाताना, कचेरीत जाताना, भर थंडीतही आई दारापर्यंत येऊन तेच म्हणायची. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

त्यांनी इस्पितळाच्या फोनची महिन्याची नोंद काढून ओळ न् ओळ तपासली. त्या क्रमांकांना इथून एकही फोन गेलेला नव्हता.

पुढच्या गुरुवारी बावीस छत्र्या आल्या, त्याच्या पुढच्या गुरुवारी चाळीस. सिस्टर वैतागली. "अहो, तुमच्या अभ्यासात छत्री वाटप आहे का? पाय ठेवायला जागा नाही." नोंदणीबाई हसल्या नाहीत. कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या छत्र्यांकडे पाठ करून बसायला त्यांना नको वाटू लागलं.

आणखी दोन गुरुवार गेल्यावर सरांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

"एकीने दुसरीला सांगितलं असेल. गटांची सरमिसळ झाली, बाई. प्रबंध नव्याने करावा लागेल."

"गावाच्या दहा टोकांना राहतात सर त्या. एकमेकींना ओळखतही नाहीत."

"किती आल्या?"

"दीडशेतल्या एकशे एकोणपन्नास."

"मग उरलेल्या एकीला विचारू, तिला फोन आला का." सरांनी पाकीट फोडलं, बाईंनी आणलेल्या नोंदीशी ताडत यादीवरून बोट फिरवलं, आणि ते बोट एका ठिकाणी थबकलं. "दोनशे सदतीस. बाई, हे तर तुमचं नाव. इथले कर्मचारी यादीतून वगळायचे राहून गेले. चूक माझीच."

कार्ड त्यांनाही आलं होतं. दर वर्षी येतं आणि दर वर्षी न बघता ड्रॉवरमध्ये जातं.

"प्रबंधाचं राहू द्या," सर हळूच म्हणाले. "ही एक का आली नाही?"

"विसरली असेल."

"रोज त्याच दाराशी बसून?"

"भीती वाटते, सर." आवाज फुटला तो फुटलाच. "आई म्हणाली होती, गाठ लागतेय जरा. मी म्हटलं, गुरुवारी नेते. खिडकीवर गर्दी होती. तीन गुरुवार गेले. त्या खोलीत पाऊल टाकलं की मला तेच तीन गुरुवार दिसणार."

बुधवारी त्या दिवसभर टेबलावरच्या फोनकडे बघत बसल्या. आई, एकशे एकोणपन्नास परक्या बायकांना फोन केलास, मग मलाच का नाही? त्यांना खरोखर राग आला, लहानपणी यायचा तसा. फोन वाजत होता, पण दुसऱ्याच कुणाकुणाचा. संध्याकाळी त्यांनी खिडकी लावली आणि घरी गेल्या.

गुरुवारी सकाळी चपला घालताना त्या थबकल्या. दाराच्या मुठीला आईची छत्री लटकत होती. नऊ वर्षं ती माळ्यावर ट्रंकेमागे, जुन्या चादरीत बांधलेली होती.

"तू काढलीस?"

"मी कशाला काढू?" लेकीने वहीतून डोकंही वर केलं नाही. "माझा हात तरी पोचतो का माळ्यापर्यंत?"

छत्रीवर धुळीचा कण नव्हता. बाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, ड्रॉवरमधून कार्ड घेतलं, आणि मुठीवरची छत्री काढून घेतली.

अकराला खिडकीवर दुसरीच कारकून होती. तपासणीच्या खोलीबाहेरच्या रांगेत एकच खुर्ची रिकामी होती. बाईंनी छत्री तिच्या पाठीला अडकवली आणि त्या बसल्या.

सिस्टर कार्डं घेऊन बाहेर आली, त्यांना बघून चमकली. "तुम्ही? आणि छत्री? बाहेर ऊन आहे का?"

"नाही."

कार्डाकडे बघून सिस्टरने नेहमीच्या आवाजात पुकारा केला, "दोनशे सदतीस."

"आले," बाई म्हणाल्या.