सटवाईचा काळा कागद

भाट्ये गावच्या विहिरीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. महिपतबुवाने कागद उलगडला. कोळशासारखा काळा, त्यात पांढरीशुभ्र अनोळखी अक्षरं.

"माणूस शाईने अक्षर काढतो. इथे शाई सगळी बाहेर आणि अक्षर कोरं! सटवाईशिवाय कुणाला जमेल? तुकडा पाण्यात कालवा, पोराला पाजा. ताप पळालाच!"

"आणि नाय पळाला तर?" म्हाताऱ्या येसूबाईने विचारलं.

"तर आईच्या मनात किंतू!"

ते कागद माझ्या घरातले. माझे यजमान हरिश्चंद्र आगबोटीवर खलाशी. चीनच्या बंदरात उतरले की बाकीचे बरण्या घेत. हे कोरीव शिळांवरून घेतलेले जुने ठसे जमवत. ते कसे घेतात, हेही त्यांनी मला सांगितलं होतं. तरी चैत्रात आमची लेक मैना तापली, हे समुद्रावर, तेव्हा घाबरून मी बुवाला ठशांची पेटी उघडून दिली. पाणी माझ्याच हाताने पाजलं. तिसऱ्या दिवशी मैना गेली. मनात किंतू ठेवलास, असं बुवा म्हणाला, आणि महिनाभर मी स्वतःलाच पापी समजले.

आज शेजारची गंगा तापलेल्या बाळाला घेऊन पुढे सरकली.

"थांब गो, गंगे."

विहिरीच्या कठड्यातल्या कोरीव दगडावर मी घरून आणलेला पतंगाचा कागद ओला करून अंथरला, बोटांनी अक्षरांच्या खाचांत दाबला.

"पोर गेल्यापासून डोकं फिरलंय हिचं," बुवा हसला.

कागद सुकत आला. मैनाची काजळाची डबी उघडली. अर्धी उरली होती. चिंधीच्या बोळ्याने काजळ हलकेच थोपटलं. वरच्या भागाला ते लागलं, खाचांना नाही. कागद सोलून वर धरला. काळ्यात पांढरं: 'गोदूबाई, शके १७९२'.

"अगो, ही तर माझी आजेसासू! विहीर तिनेच बांधली!" येसूबाई ओरडली. "काय रे बुवा, सटवाई आमच्या विहिरीवर पाण्याला येते काय?"

बुवा कागद गुंडाळू लागला. गंगा माझा हात ओढत म्हणाली, "वयनी, होडी मिळेल ना गो?"

खाडीपलीकडे रत्नागिरीत डॉक्टरांनी बाळाच्या कपाळाला हात लावून विचारलं, "ताप कधीपासून?"

इतका साधा प्रश्न. मैनासाठी तो मी कुणाला विचारूच दिला नाही.

बाळ वाचलं. बायांनो, चमत्कार दिसला तर तो कसा केला ते जरूर शोधा. पण लेकरू तापलं असेल तर तेवढंही थांबू नका. आधी डॉक्टर गाठा.