डाव्या कडेची घोडी

"शेवंती मधात नाही बांधायची, सांगतलं ना एकडाव!" रुपीबाईनं पोराच्या हातातला दोर ओढून घेतला. "थे डाव्या कडेले, पळसाच्या बुडाशी. देवीची रीत हाय आपल्या घराण्याची."

सुनीलनं दुसरी घोडी मधल्या मेखेकडे नेली. त्याच्या पाचही घोड्या एरवी लग्नात नवरदेव मिरवायच्या. यंदा यवतमाळच्या बंटीनं शहरातली हौशी माणसं घोड्यांवर बसवून दोन दिवस डोंगरातून फिरवायचं काढलं होतं. पहिला मुक्काम दिग्रसच्या अलीकडे, सोयाबीन काढलेल्या रानात पडला. घोड्या बांधायला म्हणून रुपीबाई टेम्पोतून हाडं खिळखिळी करत आली होती. उभं राहवत नव्हतं, पण दोर दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही हा तिचा हेका.

"मावशी, पांढरी मधातच पाहिजे. फोटोत उठून दिसते," बंटी म्हणाला.

"मंग तूच उभा राह्य मधात. दोर लावू का गळ्याले?"

सगळे हसले. बंटीही हसला, पण म्हातारी तोबरे भरायला वळताच त्यानं सुनीलला डोळ्यानं खुणावलं. पांढरी शेवंती मधल्या मेखेला गेली.

डावीकडची घोडी अंगाला घासली मात्र, शेवंती अशी उसळली की मेख मातीसकट उपटली. फोटो काढणारी पाहुणी मुलगी किंचाळून मागे पडली. लाथ तिच्या तोंडापासून वीतभर हुकली.

सुनीलनं घोडीला चुचकारत धरलं. मग कसलीशी शंका येऊन त्यानं तिच्या डाव्या डोळ्यापुढं पंजा हलवला. पापणी लवली नाही. पुन्हा हलवला.

"याडी," तो आईला म्हणाला, "हिले या डोयानं दिसत नाही. कोणती रीत म्हणे थे? कधीपासूनची?"

रुपीबाईच्या तोंडाला एरवी कुलूप नसे. आज ती तोबऱ्याची गाठच आवळत राहिली. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली सून, रंजिता, बोलली, "जुनीच हाय. आमच्या तांड्यातबी असंच बांधते." सकाळपासून जिला "हात हाय का लाकूड" म्हणून सासूनं धारेवर धरलं होतं, तीच ही.

"तू नोको खोटी पडू माह्यासाठी," रुपीबाई म्हणाली. मग मातीत फतकल मारून बसली. "पोळ्यापासून दिसत नाही तिले. सांगतलं असतं त बाजारात नेली असती तू."

"पोरगी मेली असती, याडी."

"हो. मेली असती."

"मी काय करू आता बसून खाणाऱ्या जनावराचं? बाजारातच न्या लागन."

"ने. पण डोयाचं सांगूनच विकजो. मंग कोण घेते अन् कायले घेते, थेबी मले येऊन सांगजो."

मेख उचलून सुनील पळसाकडे गेला. दगडाचे घाव बराच वेळ ऐकू येत राहिले.

उजाडल्यावर चारच घोड्यांवर खोगीर चढलं. पाचवा पाहुणा टेम्पोत बसला.

"तांड्यावर घेऊन जा हिले," सुनील घोड्यांचे पट्टे आवळत म्हणाला. "बाजाराचं पाहू मंग." त्यानं आईकडे पाहिलं नाही.

रुपीबाई शेवंतीच्या डाव्या अंगाला चालू लागली. गुडघे कुरकुरत होते, दम लागत होता. तोंड मात्र थांबत नव्हतं.

"पाय उचल वो भवाने. नवरदेव नाही पाठीवर तुह्या. इकडून मी हाय, तिकडून तू पाह्य. अशी काय लाजून राह्यली?"

बोलणं जरा थांबलं की घोडीचा डावा कान तिच्याकडे वळायचा.