नसलेल्या गुलमोहराचा नकाशा

याओस्काने नकाशा काढला तो एकाच हट्टापायी: शाळेच्या गाडीने धाकट्या भावाला, एल्मेरला, घरून न्यायला हवं. पोराच्या पायांत जोर नव्हता. रोज त्याला पाठुंगळी घेऊन तीच शाळेत नेई, आणि आता तो चांगलाच जड झाला होता.

निकाराग्वातल्या या मानाग्वा शहरात घराचा नंबर विचारतो कोण! पत्ता म्हणजे ‘गुलमोहरापाशी तळ्याकडे वळा, तिसरं घर’. बाईंनी शिकवलं तसं तिने वर उत्तर, म्हणजे तळं काढलं, खाली शाळा, आणि वळणावर ठसठशीत गुलमोहर.

नकाशा तिने गाडीच्या चालकाला दिला, पण सोमवारी गाडी आलीच नाही.

“ए पोरी, झाड कुठाय?” नकाशा परत देत चालक रिगोकाका शाळेत तिच्यावर उखडला. तो परगावचा, नवा. “फेऱ्या मारून मारून थकलो. झाड सोड, काडीसुद्धा दिसली नाही! उद्या सापडलं तर ठीक, नाहीतर विषय संपला.”

याओस्का चपापली. आजी शाळेत जायची तेव्हाच, भूकंपात, गुलमोहर पडला होता. तिने तरी तो कुठे पाहिला होता? पण अख्खी वस्ती पत्ता त्याच्यावरूनच सांगायची.

“डोळ्यांना दिसतं तेच नकाशात,” बाई म्हणाल्या. “झाड खोडून टाक.”

तिने खोडलं. घरी आजीने कागद उलटसुलट करून पाहिला. “ही कुठली गं वस्ती? झाड कुठे गेलं?”

“आजी, झाड नाहीच आहे!”

“नाही कसं? मग आपण राहतो कुठे?”

आता मात्र पोरीचं डोकं सणकलं. काकाला दिसायला हवं, आजीलाही ओळखू यायला हवं. तिने झाड पुन्हा काढलं आणि तडक शेजारच्या चेपामामीकडे गेली. तिच्या अंगणात, पत्र्याच्या डब्यात, गुलमोहराचं गुडघाभर रोप होतं.

“मामी, हे मला हवंय. नकाशासाठी.”

मामी पोट धरून हसली, पण रोप दिलं.

सकाळी उजाडताच याओस्काने वळणावर खड्डा खणून ते लावलं, भोवती दगड रचून त्यांना चुना फासला, आणि एल्मेरला पाठीवर घेऊन तिथेच उभी राहिली. पाठ भरून आली, तरी हलली नाही.

गाडी करकचून थांबली. “हे झाड?” रिगोकाकाने खिडकीतून मान काढली. “माझी शेळी एका घासात फस्त करेल की!”

“नकाशा बरोबरच आहे,” याओस्का म्हणाली. “झाडाला यायला जरा उशीर झाला.”

काकाने तिने पुढे केलेला कागद पाहिला, रोप पाहिलं, पाठीवरचा एल्मेर पाहिला. मग खाली उतरून त्याने पोराला उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. याओस्काने पाठ सरळ केली आणि तिला एकदम रडूच फुटलं.

“ताई, रड, पण रोपाजवळ जाऊन रड,” एल्मेर खिडकीतून ओरडला, “त्याला पाणी तरी मिळेल!”