लाल लागली की थांबायचं

आंजी गावात देव नवसाला पावतो की नाही याबद्दल दोन मतं होती. डोमाजीच्या काडीबद्दल मात्र एकच. डोमाजी पाणाड्या होता. जमिनीखाली पाणी कुठं आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. जांभळीची दोन फाट्यांची दुबेळकी काडी दोन्ही मुठींत धरून तो अनवाणी वावरात फिरायचा आणि काडी जिथं खाली वाकेल तिथं टाच रोवून म्हणायचा, "इथी खोदा." पन्नास वर्षांत शंभरावर विहिरी त्यानं सांगितल्या आणि बहुतेकींना पाणी लागलं. ज्यांना लागलं नाही त्यांच्यासाठी त्याचा एक नियम होता. काळ्या खडकाखाली गेरूसारखी लाल माती लागली की थांबायचं. लाल म्हणजे धरणीमायनं दार लावून घेतलं. पुढं खोदणं म्हणजे नुसती हाडं झिजवणं.

हा नियम लोकांना पटायचा, कारण डोमाजीनं त्यातून स्वतःलाही सोडलं नव्हतं. त्याचं घर शेतातच, गावापासून अर्ध्या कोसावर. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यानं दारापुढंच विहीर खोदायला घेतली. बावीस हातांवर लाल लागली. डोमाजीनं कुदळ वर फेकली आणि स्वतःही वर आला. त्याला आता तीस वर्षं झाली होती. तीस वर्षं त्याची बायको शकुंतलाबाई गावविहिरीवरून डोक्यावर पाणी आणत होती, आणि गाव मागून हसत होतं की बघा, दिव्याखाली अंधार. शकुंतलाबाई कधी कुरकुरली नाही. नवऱ्याला जमिनीच्या पोटातलं कळतं, तो पाणी नाही म्हणाला म्हणजे नाही, असं ती धरून चालली होती.

एकोणऐंशी सालच्या माघात किसनरावाच्या नव्या विहिरीला लाल लागली. किसनराव म्हणजे खाऊनपिऊन सुखी शेतकरी, पण वरच्या वावरात संत्र्याची बाग लावायचीच म्हणून हट्टाला पेटला होता. तो डोमाजीच्या अंगणात येऊन बसला.

"डोमाजी, वीस दिवसांपासून माणसं खोदून राह्यली. आता लाल निंघाली. थांबू का खोदू?"

एरवी डोमाजीनं चुना तंबाखूवर पडायच्या आत "थांब" म्हटलं असतं. या वेळी तो म्हणाला, "चार दिवस दम धर. लोणारहून येतो, मंग सांगतो."

त्याचं असं झालं होतं की गावातले निवृत्त हेडमास्तर अण्णाजी एस.टी.ची गाडी ठरवून चाळीस माणसांची सहल लोणारला नेत होते. तिथं ज्वालामुखीनं झालेलं सरोवर आहे, असं ते वर्गात तीस वर्षं शिकवत आले होते आणि स्वतः कधी गेले नव्हते. या काठापासून त्या काठापर्यंत पाऊण कोस, आणि खोली अशी की आंजीतली सगळ्यात उंच चिंच एकावर एक दहादा उभी करावी. हे ऐकल्यापासून डोमाजीची झोप उडाली होती. येवढी मोठी विहीर!

कारण एक गोष्ट होती, ती डोमाजीनं कोणालाच सांगितली नव्हती. काडी वाकायची ती त्याच्या मनगटानं. उंबर कुठं माजला आहे, वारूळ कुठं आहे, वैशाखातही दूर्वा कुठं हिरव्या आहेत, हे तो आधी डोळ्यांनी टिपायचा आणि मग काडी धरायचा. यात लबाडी आहे असं त्याला वाटत नव्हतं. पण खालचं? खाली काय आहे, कसं आहे, हे त्यानं जन्मभर वरून उभं राहून सांगितलं होतं. धरणीचं पोट आतून कसं दिसतं, ते एकदा पाहायचं होतं. आणि किसनरावानं विचारलं तेव्हा, का कोण जाणे, नेहमीचा शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

दशम्या, ठेचा आणि चिवड्याचे डबे घेऊन गाडी पहाटे निघाली. वर्धा गेलं, कारंजा-लाड गेलं, मेहकर गेलं. शकुंतलाबाई खिडकीशी बसली होती आणि प्रत्येक गावची कपाशीची पऱ्हाटी आपल्या पऱ्हाटीशी ताडून पाहत होती. रात्री धर्मशाळेत मुक्काम झाला, आणि सकाळी सगळे सरोवराच्या काठावर येऊन उभे राहिले.

पायाखालची जमीन एकदम संपत होती. खूप खाली झाडी होती, आणि झाडीच्या मधोमध हिरवंगार पाणी, इकडून तिकडून गोल. मोर ओरडत होते. "बाप्पा!" शकुंतलाबाई म्हणाली आणि तिनं आपोआप हात जोडले.

"हा ज्वालामुखी," अण्णाजींनी छडी उगारून सुरुवात केली. "पृथ्वीच्या पोटातला तप्त रस..."

"कायचा ज्वालामुखी, गुरुजी," शेजारचा चहावाला म्हणाला. "मोठेमोठे शास्त्रज्ञ येऊन गेले. आभाळातून दगड पडला म्हणतात."

खालच्या देवळातला पुजारी वर आला होता, त्यानं दोघांनाही उडवून लावलं. इथं लवणासुर राहत होता, देवानं त्याला लाथेनं गाडला, त्याचा हा खड्डा. अण्णाजी तावातावानं पुस्तकाचं नाव सांगू लागले. चहावाला शास्त्रज्ञांच्या दाढ्या किती लांब होत्या ते सांगू लागला. डोमाजी तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत राहिला. शेवटी त्याला राहवेना.

"कोणी खोदलं ते जाऊ द्या न, भौ," तो म्हणाला. "खोदताना निंघालं काय काय?"

अण्णाजींनी छडी बगलेत घातली, चहावाला किटलीकडे वळला आणि पुजारी पायवाटेला लागला.

मग सगळे पायवाटेनं उतरू लागले. डोमाजी सगळ्यांच्या मागं राहिला, कारण त्याला नुसतं उतरायचं नव्हतं, जमीन वाचायची होती. एका बाजूला कापलेला कडा होता आणि जन्मभर ज्याच्याबद्दल तो बोलत आला ते सगळं तिथं उघडं पडलं होतं. वर माती. मग मुरूम. तो बोटांनी चाचपत होता, नखानं खरवडत होता, एकदा तर चिमूटभर माती जिभेवर ठेवून पाहिली. मग काळा खडक, सुरुंगाशिवाय न फुटणारा, आपल्या इथला असतो तसाच. "तूबी इथी हायेस का," तो खडकाला म्हणाला. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. आणि मग हातभर जाडीचा लाल पट्टा आला. गेरू. ओळखीचा.

डोमाजी थांबला. त्याचा नियम इथं थांबत होता. कडा मात्र थांबत नव्हता. लालच्या खाली बारीक भोकाभोकांचा दगड होता, ज्याला खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि त्याखाली पुन्हा काळा, पुन्हा लाल. जमीन आपली चालूच होती.

थोडं पुढं वळणावर बायकांची गर्दी झाली होती. दगडातून पाणी झिरपत होतं, आणि बायका ओंजळी धरून पीत होत्या. शकुंतलाबाईनं ओंजळ भरली, प्यायली.

"गोड हाये," ती म्हणाली, आणि पाणी कुठून येतं ते पाहायला तिनं मान वर केली.

पाणी मांजऱ्या दगडातून येत होतं. त्याच्या वर वीतभर अंतरावर लाल पट्टा होता. ती पाहत राहिली. मग तिनं हात उंच करून लाल मातीला बोट लावलं, बोट डोळ्यांजवळ आणून पाहिलं, आणि नवऱ्याकडे वळली.

"हे तेच न?"

डोमाजीला ते केव्हाच दिसलं होतं. तो म्हणाला, "चाल, लोकं पुढं गेले."

खाली सरोवराचं पाणी साबणासारखं बुळबुळीत होतं, त्याला उग्र वास येत होता, आणि सहलीतली माणसं त्यात हात घालून आश्चर्य करत होती. डोमाजीनं हात घातला नाही. शकुंतलाबाईनं घातला. लाल झालेलं बोट तिनं त्या पाण्यात पुन्हा पुन्हा चोळून धुतलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर पाहत बसली. अण्णाजी मागच्या बाकावर स्वतःशीच पुटपुटत होते, "दगड पडला म्हणे!" डोमाजीला जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचा एक दिवस आठवत होता. त्यानं सांगितलेली ती जेमतेम दुसरी विहीर. लाल लागली, आणि मालकानं वरून विचारलं, आता? डोमाजीला काही ठाऊक नव्हतं. त्यानं छाती काढून सांगितलं, थांबा! मालक थांबला. पुढच्या विहिरीला लाल लागली तेव्हा तो शब्द आपोआप आला, आणि त्यापुढच्या वेळेला तो नियम झाला होता. स्वतःच्या विहिरीत उतरला तोवर त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

आता किसनरावाला काय सांगायचं? थांब म्हटलं तर काही बिघडत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कडा लोणारात राहिला, आंजीत त्याचं तोंड कोण पाहतं? एकटीनं पाहिलं होतं, आणि ती शेजारी बसली होती.

दुसऱ्या दिवशी तो किसनरावाच्या विहिरीवर गेला. दहाबारा माणसं जमली होती. त्यांत रूपराव होता, ज्याची विहीर बारा वर्षांपूर्वी डोमाजीनंच लालवर थांबवली होती. वाटेनं शकुंतलाबाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन येत होती. गर्दी पाहून ती बांधावर थांबली.

"थांबू न, डोमाजी?" किसनरावानं विचारलं.

"खोद," डोमाजी म्हणाला. "लाल फोड."

"आँ? खाली पाणी हाये?"

"असू शकते."

"असू शकते म्हंजे काय? हाये का नाई ते सांगा न."

डोमाजीनं बांधाकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरचा गुंड हलत नव्हता.

"मले माईत नाई," तो म्हणाला. "लालच्या खाली काय रायते ते मले कधीच माईत नव्हतं. पहिल्या डाव भेव वाटलं म्हणून थांबा म्हटलं. मंग तेच म्हणत राह्यलो. लोणारात पाह्यलं, लालच्या खालून पाणी येते. तुह्या इथी येईन का नाई, देव जाणे."

कोणीतरी हसलं. रूपराव पुढं आला. "मंग माह्या विहिरीचं काय, बुढ्या? बारा वर्सं झाली!"

"तुह्याई विहिरीत असंन," डोमाजी म्हणाला. "माह्याई."

रूपराव त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेला. डोमाजीनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं. मान वर केली तेव्हा बांधावर कोणी नव्हतं.

लाल फोडायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दुपारी किसनरावाची माणसं खालून ओरडली, आणि संध्याकाळपर्यंत विहिरीत गुडघाभर पाणी झालं. किसनराव नारळ आणि धोतरजोडी घेऊन डोमाजीच्या दारी आला, पाया पडला, "काई म्हणा, पाणी तुमच्याच शब्दानं लागलं," म्हणाला. गाव असंच असतं, त्याला पाणी लागल्याशी मतलब. डोमाजीनं नारळ घेतला, धोतर परत केलं.

किसनराव गेला. शकुंतलाबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. पाच दिवस तिनं त्याला जेवायला वाढलं होतं, अंथरूण घातलं होतं, पण बोलली नव्हती.

"बोल न काईतरी," डोमाजी उंबरठ्यावरून म्हणाला. "शिव्या दे. रूपरावानं देल्ल्या, तू त तीस वर्सं पाणी वाह्यलं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

"पाणी वाह्यल्याचं मले काई नाई," ती म्हणाली. "साऱ्या गावच्या बाया वाह्यतात. पण तुमाले माईत नाई, हे मले किसनरावाच्या विहिरीवर समजलं. साऱ्या लोकाईसंगं. मले एकटीले सांगतलं असतं त मी कोणाले सांगाले जात होती?"

"तुह्या नजरंत लहान व्हाचं नव्हतं मले."

"पाणाड्या तुमी गावाचे होते," ती म्हणाली. "माहे त नवरा होते न?"

डोमाजीला रडू आलं. तो उठून अंगणात गेला आणि भाकरी गार झाली तरी आत आला नाही.

सकाळी शकुंतलाबाई उठली तेव्हा गुंड जागेवर नव्हता. ती दारात आली. उजाडलं होतं, आणि गावच्या वाटेनं डोमाजी येत होता, खांद्यावर गुंड, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलेलं. त्याच्या मागं विहिरीवरच्या चार बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यानं एकदा गुंड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला, आणखी पाणी सांडलं, आणि तो तसाच चालत राहिला.

ती काही वेळ पाहत उभी राहिली. मग वाटेपर्यंत पुढं गेली.

"असं नाई धरत," ती म्हणाली. "खाली बुडाले हात लावा."