हत्तीचं तोंड, बदकाचं धड

मोनानं हत्तीचं तोंड बदकाच्या धडावर दाबलं, मग दोन्ही हातांनी दाबलं, मग त्यावर चक्क बसून पाहिलं.

"दादू, नहीं घुस रहा."

"घुसते, बेटा. पाहू दे मले."

गुलाबरावांनी दाबून पाहिलं. मग वाघाचं तोंड घेतलं, माकडाचं घेतलं. मुठीएवढी सहा तोंडं, सहा धडं; तोंडांना खुंट्या, धडांना खाचा. कुठलंही कशावरही बसावं आणि पोरीनं हसावं, एवढाच खेळ. महिनाभर खपून त्यांनी तो सागाच्या तुकड्यांतून घडवला होता. रायपूरच्या लग्नाला आलेला मुलगा बायको-पोरीला घेऊन तीन तासांपुरता क्वार्टरवर आला होता. मागच्या खेपेला ही पाच वर्षांची नात आईच्या पदराबाहेर आलीच नव्हती. तिला मराठी येत नाही, यांची हिंदी कारखान्यातली. मधे काहीतरी ठेवायला हवं होतं.

आता ते मधे होतं, आणि एकही खुंटी खाचेत जात नव्हती.

"बाबा, आधी बसवून नाही पाहिलं का?" अभिनवनं मोबाइलमधून मान न काढता विचारलं.

चाळीस वर्षं पॅटर्न शॉपमध्ये ओतकामाचे लाकडी नमुने केलेला माणूस! काय विचारतो पोरगा! गुलाबराव उत्तर द्यायला उठले, अन् खिडकीतल्या मोजपट्टीवर नजर जाताच पुन्हा खाली बसले. धडं त्यांनी बाजारातल्या टेपनं आखली होती. तोंडांच्या वेळी टेप सापडेना, म्हणून ट्रंकेतली शॉपमधली जुनी पट्टी काढली. तिच्यावरचा इंच मुद्दामच अंमळ मोठा असतो; ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, तेवढं आधीच धरलेलं.

"तोंडं पोलादाची समजून केली मी," ते म्हणाले.

अभिनव हसला. मोना हसली नाही. ती सरकत त्यांच्या गुडघ्याशी आली.

"मतलब?"

"मतलब, लोहा गरम रहता तो बडा रहता. थंडा हुआ के छोटा होता. इसलिए दादू ने बडा बनाया."

मोनानं हत्तीला गाल लावून पाहिला. मग फुंकर मारली. एक, दोन, पाच. गुलाबरावांनी वाघ उचलला आणि तेही फुंकायला लागले.

"टॅक्सी आली हो," सून बाहेरून म्हणाली.

ती मंडळी गेल्यावर गुलाबरावांनी कानस शोधून काढली. अर्ध्या तासाचं काम. खुंट्या जरा घासल्या की खेळ कुरिअरनं पाठवता येईल. धडं होती, तोंडं मात्र दिसेनात. खाटेखाली वाकले तोच फोन वाजला.

"बाबा, मोनाचं डोकं खाणं सुरू आहे. फ्रिजमधलं पाहा म्हणून राहिली."

बर्फाच्या कप्प्यात सहाही तोंडं ओळीनं बसली होती.

"दादू, हो गया छोटा?"

गुलाबरावांनी हत्तीला बोट लावलं. गारठला होता बिचारा. त्यांनी कानस फ्रिजच्या डोक्यावर ठेवली.

"नहीं, बेटा. बहुत टाइम लगेगा. तू आएगी ना, तू ही निकालना."

"कल?"

"फोन पप्पाले दे. तोच सांगन."

तिकडं फोन हातोहात गेला. "पाहू, बाबा," अभिनव म्हणाला, अन् गुलाबरावांनी तोंडं तशीच ठेवून फ्रिजचं दार लावलं.