गायमुख खिंडीतला तिसरा फोन

फोनवर माझ्याइतकी फटकळ बाई तळेगावात दुसरी नसेल, असं आमच्या कंपनीतले लोक म्हणतात. मला त्याचा आत्ताआत्तापर्यंत अभिमानच होता. पॅकिंगच्या यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या या कंपनीचे फोन मी, सुनेत्रा, अकरा वर्षं सांभाळते आहे. मधल्या काळात त्यांचा नुसता उकिरडा झाला होता. कर्ज घ्या, पवनेकाठी प्लॉट घ्या, तुमचं सिम बंद पडतंय. खरं गिऱ्हाईक ताटकळून फोन ठेवून द्यायचं आणि साहेब माझ्यावर डाफरायचे.

शेवटी मी कंपनीच्या सगळ्या फोनवर एक ॲप बसवून घेतलं. ज्या नंबरविरुद्ध पुष्कळ लोकांनी तक्रार केली असेल, तो लाल होऊन येतो आणि खाली 'स्पॅम' असं लिहिलेलं असतं. तो उचलायचा नाही. नवा कुणी त्रास द्यायला लागला, की आपणही बटण दाबायचं, तक्रार नोंदली जाते. मी रोज आठ-दहा जणांचा असा निकाल लावत होते. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी गेटवरून निरोप आला, लोहगडवाडीची उज्ज्वला भेटायला आली आहे. गडाखाली ही बाई आपल्या घरात ट्रेकवाल्यांना जेवू घालते. गेल्या वर्षी आम्ही ऑफिसचे वीसजण गडावर गेलो होतो, तेव्हा तिच्याकडेच जेवलो होतो. पिठलं, ठेचा आणि तव्यावरून थेट ताटात येणारी तांदळाची भाकरी. मी चार खाल्ल्या होत्या.

"ताई, माजा फोन कुनी उचलीत न्हाई," ती खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली. "लोकं शुक्रवारी जेवान सांगत्यात. रविवारी कुटवर आलात म्हनून इचारायला मी फोन लावते, तर उचलीतच न्हाईत. मंग आदमासानं भाकऱ्या टाकते. ती येत्यात तासभर उशिरा. पार वातड झालेल्या असत्यात. परवा एका ग्रुपनं निम्म्या ताटातच टाकल्या. चिंगी म्हनली, आये, तुजा नंबर लाल येतोय."

चिंगी म्हणजे तिची मुलगी, कामशेतला कॉलेजात जाते.

"लाल म्हंजी लबाडाचा ना?" उज्ज्वलानं विचारलं.

मी उत्तर टाळलं. म्हटलं, "नवा नंबर घे. हाय काय आन् नाय काय!"

"तो वाटंवरच्या दगडावर रंगवलाय. बारा वर्सं लोकांच्या तोंडी हाय. आन मी असं काय केलंय म्हनून बदलू?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "निम्मं ग्रुप तुटलं, ताई. ह्यो हंगाम असाच गेला तर चूल बंद करून तुमच्याच कंपनीत झाडलोटीला येते. तुमी फोनचं बगता म्हनला व्हता, म्हनून आले."

मी तिला विचारलं, एका ग्रुपला फोन करतेस तरी किती?

"तीन. निगाल्यावर एक, मळवलीला उतरल्यावर एक, आन गायमुख खिंडीत आल्यावर एक."

"तीन?" मी कपाळाला हात लावला. "अगं, शहरातल्या माणसाला एकाच नंबरवरून तीनदा फोन आला की त्याचं डोकं फिरतं. तो देतो बटण दाबून. असं माणसांच्या मागे लागायचं नसतं."

"मंग भाकरी कवा टाकायची?"

ती उलट बोलत नव्हती, खरोखरच विचारत होती. तांदळाची भाकरी आधी करून ठेवता येत नाही. खिंडीतून माणूस तिच्या दारात येईपर्यंत तवा तापतो आणि पीठ मळून होतं. तिसरा फोन त्यासाठी होता. मी कॉम्प्युटरवर ते ॲप उघडून तिचा नंबर टाकला.

शहाऐंशी तक्रारी. त्यांच्या खाली आणखी एक ओळ होती: आपल्या कंपनीतून एक. तारीख गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या रविवारची, वेळ बारा वाजून दहा मिनिटं, फोन ऑफिसचा. त्या ट्रेकला तो फोन माझ्याच पर्समध्ये होता.

आणि मला आठवलं. खिंडीतला चढ, माझी लागलेली धाप, आणि वाजणारा फोन. ही बाई तिसऱ्यांदा! मी चिडून कट केला आणि सवयीनं बटण दाबलं. अर्ध्या तासानं तिच्याच ओसरीवर मांडी घालून, "काय गरमागरम आहे गं!" म्हणत मी चार भाकऱ्या हाणल्या. आम्हाला लांबून येताना बघून तिनं त्या आपल्या अंदाजानं टाकल्या होत्या. मला इतकी लाज वाटली, की कानशिलं तापली.

"आमच्या ऑफिसनंही तक्रार केलेली दिसतेय," मी म्हणाले. मग माझंच मन मला खायला लागलं. "ऑफिसनं नाही, उज्ज्वला. मी."

मला वाटलं, आता ती उठून जाईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"भाकरी गरम व्हती ना पन?"

"होती," मी म्हणाले, आणि मला तिच्याकडे बघवेना.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला कँटीनमध्ये नेलं. आधी माझी तक्रार मागे घेतली आणि ती मीच केली होती, हे सगळ्यांसमोर सांगितलं. मग एकेकाला 'हा स्पॅम नाही' असं दाबायला लावलं. आमच्या ऑफिसातला सोपान म्हणाला, "मॅडम लाल काढायला लागल्या, आज सूर्य कुठून उगवला?" मी ऐकून घेतलं. ॲपवाल्यांना अर्ज केला. उज्ज्वलाला सांगितलं, जेवणाची ऑर्डर घेतानाच नंबर नावानं सेव्ह करायला सांग, म्हणजे लाल येणार नाही.

तिला ते पटलं नाही. "पाव्हन्याला पयलं कामच सांगायचं व्हय?"

अर्जाला उत्तर आलं, विचार चालू आहे. लाल काही लगेच गेलं नाही. पुढच्या महिन्यात मी ऑफिसचे आठजण घेऊन निघाले. शुक्रवारी जेवण सांगितलं होतं, पण रविवारी तिचा फोन आला नाही. गाडी मळवलीला पोचली तरी नाही. माझ्या शहाणपणानं तिनं फोन करणंच सोडलं होतं. म्हणून तळेगावहून निघताना मीच तिला एक फोन लावला होता, मळवलीला उतरल्यावर दुसरा लावला.

वाटेवरच्या दगडावर तिच्या जुन्या नंबरखाली ताज्या रंगात, बहुधा चिंगीच्या अक्षरात दोन ओळी होत्या: 'नंबर सेव्ह करा. खिंडीत आलात की फोन करा.' आमच्या पुढचा एक ग्रुप तिथं उभा राहून नंबर टिपून घेत होता. त्या पोरांकडे बघून मला फार बरं वाटलं.

खिंडीत मला तशीच धाप लागली. मी थांबले आणि तिसऱ्यांदा फोन लावला.

"आवो ताई," उज्ज्वला हसत होती, "लय फोन करता की तुमी!"

"मग भाकरी कधी टाकणार तू?"

"टाकली," ती म्हणाली. "या."