दार नसलेली जागा

नवऱ्याला सोडून ताई धाकट्या बहिणीकडे आली, तेव्हा धाकटीची एकच खोली होती. दोघींनी मिळून बंद पडलेल्या सूतगिरणीतली जागा भाड्याने घेतली. उंचच उंच छत, भिंतभर खिडक्या, वर लाकडी जिन्याने चढायचा माळा. "किती मोकळं आहे बघ!" धाकटी म्हणाली. वर्षभर सोडायची नाही, या अटीवर दोघींनी सह्या केल्या.

मोकळी इतकी, की दार फक्त बाथरूमला. धाकटी माळ्यावर बसून घरांचे नकाशे काढायची. खाली ताईच्या हातून चमचा पडला, तरी वरून आवाज यायचा, "काय झालं गं?" ताई दवाखान्यात नर्स. घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडायची, तर बाहेरून टकटक. काळजीच होती ती, पण जीव गुदमरायचा.

एका रविवारी दुपारी नवऱ्याचा फोन आला. ताई बाहेर सटकली आणि सामानाच्या जुन्या लिफ्टमध्ये शिरून खाली निघाली. "एकटी किती दिवस काढशील? ये मुकाट्याने," तो म्हणाला. तेवढ्यात लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. फोनही कट झाला. ताईने पत्र्यावर हात आपटले.

"ताई! घाबरू नकोस. मेकॅनिकला फोन केलाय, निघालाय तो." वरून धाकटीचा आवाज आला. मग हळूच, "त्याचा फोन होता?"

एरवी ताईने विषय बदलला असता. आता समोर चेहरा नव्हता.

"हो. मला परत नाही जायचं. पण इथेही नको झालंय. तू सारखी माझ्यावर नजर ठेवून असतेस."



"नजर हटवली तर तू त्याच्याकडे निघून जाशील, असं वाटतं," धाकटी म्हणाली. "आणि मी काय मजेत आहे? तू आल्यापासून फोनवर मोठ्याने हसलेसुद्धा नाही मी."

मेकॅनिकने हाताने चाक फिरवून लिफ्ट वर घेतली. "बाई, ही सामानाची आहे, माणसांची नाही," तो ताईवर डाफरला.

घरात येताच ताईने फोन हातात घेतला. धाकटीने लगेच चपला घातल्या. "मी दूध घेऊन येते."

"दोन पिशव्या आहेत फ्रिजमध्ये. बस गप."

धाकटी माळ्याच्या जिन्याच्या पायरीवर बसली. खणखणीत आवाजात ताई म्हणाली, "मी येणार नाही. पुन्हा फोन करू नकोस."

ते छतापर्यंत घुमलं. करार संपायला अजून आठ महिने होते. दोघी एकमेकींकडे न बघता, एकाच खोलीत, बसून राहिल्या.